पहिला रेल्वे लेआउट: आधी महिना ठरवा, मग रूळ टाका

मॉडेल रेल्वे म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना वाढदिवसाला मिळालेली गोल गोल फिरणारी प्लास्टिकची गाडी आठवते, नाहीतर पुण्यात कोथरूडला असलेलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम. मी तिथेच बिघडलो. शाळेच्या सहलीला गेलो होतो, घरी आल्यावर आईला पहिला प्रश्न विचारला की आपलं जेवायचं टेबल किती फुटाचं आहे गं. पुढे स्वतःच्या पैशाने पहिला रूळ घ्यायला वीस वर्षं गेली, त्यानंतर दोन लेआउट, म्हणजे रूळ, डोंगर, स्टेशन मांडलेल्या फळ्या, वाया घालवले आणि तिसरा कुठे जरा खरा वाटायला लागला. पहिल्या दोनमध्ये काय चुकलं ते कळलं म्हणून हे लिहितोय.

चुकलं काय, तर मी आधी वस्तू घेतल्या. इंजिन आवडलं घेतलं, जर्मन पद्धतीचं घर स्वस्तात मिळालं घेतलं, पाइनची झाडं आली, मग हे सगळं एका प्लायवर मांडलं आणि ते खेळण्याच्या दुकानाच्या शोकेससारखं दिसायला लागलं. त्यामुळे आता कोणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी सांगतो की एक रुपया खर्च करायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहा: ठिकाण, साल आणि महिना. माझ्या कागदावर होतं, कोकण रेल्वेवरचं एक काल्पनिक क्रॉसिंग स्टेशन, राजापूर रोड आणि वैभववाडी रोडच्या मध्ये कुठेतरी, साल २००४, ऑक्टोबरचा शेवट. आता २००४ का, तर कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं २०२२ मध्ये, म्हणजे २००४ ला वर तारा नाहीत, खांब नाहीत, नुसतं डिझेल (नवशिक्याने ओव्हरहेड वायरच्या नादी लागू नये, हात थरथरतात आणि शर्टाच्या बाहीत अडकून सगळं उपटून येतं). आणि ऑक्टोबर अशासाठी की पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं आणि एकाच हिरव्याने केलेला डोंगर मॅटसारखा दिसतो, मे महिन्यात नुसती लाल माती, पण ऑक्टोबरला गवताची टोकं पिवळी पडलेली असतात, खाली ओल असते, भिंतीवर शेवाळ अजून काळं पडलेलं नसतं. एकदा महिना ठरला की गवत, धूळ, चिखल, डब्यावरचे डाग सगळे रंग आपोआप ठरतात.

स्केलचं जास्त डोकं खाऊ नका. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान, घ्या, रुळातलं अंतर १६.५ मिमी, सामान सगळ्यात जास्त याच स्केलमध्ये मिळतं. जागा अगदीच नसेल तर त्याहून लहान एन स्केल, ९ मिमी रूळ. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला ८७ ने भागलं तर सव्वाएकोणीस मिमी येतात, म्हणजे एचओचा रूळ भारतीय गाडीखाली जरा अरुंदच दिसतो, पण हे एकदा वाचून विसरून जा, पाहुण्यांपैकी कोणी पट्टी घेऊन येत नाही. ज्यांना माथेरानची गाडी करायची असेल त्यांचं प्रकरण वेगळं, ती दोन फुटी नॅरोगेज, तिथे ९ मिमी रुळावर मोठ्या स्केलचे डबे चालवतात आणि वळणं एकदम लहान बसतात, ते पुन्हा कधीतरी.

स्केलचा खरा झटका बसतो तो लांबीला. कोकण रेल्वेवरचा करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, एचओमध्ये करायचा तर ७५ मीटर लागतील, म्हणजे आमच्या सोसायटीच्या गेटच्याही बाहेर जाईल. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीच्या पुलाची उंची ६४ मीटर, ती होते ७४ सेंमी, टेबलाएवढी. एक आयसीएफ डबा (जुन्या पद्धतीचा) साडेचोवीस सेंमी, इंजिन साधारण वीस. २४ एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीच्या, डब्यांची गाडी साडेसहा मीटर. म्हणून एक्स्प्रेसचा मोह सोडा आणि दिवा पॅसेंजरचे दोन डबे पकडा, किंवा चार बॉक्सएन वाघिणींची (कोळशाच्या उघड्या डब्यांची) मालगाडी, एक वाघीण सव्वाबारा सेंमी, चार मिळून अर्धा मीटर. डोळ्याला पटतं, खरंच पटतं, कारण बाकीची गाडी बोगद्यात आहे असं बघणारा स्वतःच धरून चालतो.

हा बोगदाच कोकण निवडायचं अजून एक कारण. गोल लूप करायचा म्हटलं तर ४३.८ सेंमी त्रिज्येच्या वळणाला निदान सव्वातीन फूट रुंद बोर्ड लागतो, फ्लॅटमध्ये तो पलंगाची जागा खातो. त्यापेक्षा भिंतीलगत सहा फूट लांब, दीड फूट रुंद फळी, तिच्या एका टोकाला बोगदा आणि बोगद्यामागे न दिसणारी अजून तीन फुटांची फळी जिथे गाडी जाऊन उभी राहते. दुसऱ्या टोकाला रस्त्याचा पूल, त्याच्याखालून रूळ जातो आणि पलीकडे संपतो, पण ते दिसत नाही. मध्ये स्टेशन, मेन लाइन, तिच्यातून फुटून पुन्हा तिलाच मिळणारी एक लूप लाइन, आणि गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे दोन सांधे. बस. गोल गोल फिरणारी गाडी दहा मिनिटात कंटाळा आणते, स्टेशनात येऊन थांबणारी, इंजिन काढून पुढे लावणारी गाडी तासभर गुंतवून ठेवते, हे माझं मत, लहान मुलं घरात असतील तर ती वेगळं सांगतील.

फळीसाठी १२ मिमीचा प्लाय, तोही मरीन ग्रेड. एमडीएफ स्वस्त पडतो पण आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगतो आणि मग रूळ वरखाली होतात. खालून दोन बाय एक इंची लाकडाची चौकट, दर दीड फुटावर आडवी पट्टी. सुताराला सांगताना "देव्हाऱ्याची फळी" म्हणून सांगू नका, आमचा सुतार कडेला नक्षी काढून घेऊन आला होता.

प्लायवर ३ मिमी कॉर्कची पट्टी, तिच्यावर रूळ. फ्लेक्सट्रॅकचा (हवा तसा वाकणाऱ्या रुळाचा) एक तुकडा साधारण एक यार्डाचा येतो, रेझर सॉने (बारीक दातांच्या छोट्या करवतीने) किंवा रूळ कापायच्या पकडीने कापायचा, कापलेलं टोक कानशीने साफ करायचं, नाहीतर तिथे प्रत्येक चाक टक्क करून उडतं. रुळाचे दोन तुकडे जुळतात तिथे नखाच्या जाडीएवढी फट ठेवा, धातू तापून फुगतो म्हणून नाही, तर लाकूड दमट हवेत हलतं म्हणून. रूळ आधी टाचण्यांनी धरून ठेवा, चिकटवू नका, आणि आठवडाभर सगळ्यात लांब डबा हाताने आणि मग इंजिनाने पुढे-मागे फिरवा. जिथे घसरतो तिथे पेन्सिलने खूण. ही आठवडाभराची चाचणी टाळणाऱ्याला पुढे खडी खरवडावी लागते, मी चहाच्या चमच्याने खरवडलीये.

वायरिंगबद्दल एवढंच की १२ व्होल्ट डीसीचा साधा कंट्रोलर पुरे, डीसीसी (प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची डिजिटल पद्धत) नंतर. पण रुळाच्या जोडपट्टीवर करंटसाठी विसंबू नका, प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची वायरची जोडी सोल्डर करा, एक लाल एक काळी, आणि त्या सगळ्या खालच्या जाड मेन वायरीला जोडा. पहिल्या दिवशी जोडपट्टीवरही गाडी पळते, सहा महिन्यांनी पट्टी काळी पडते आणि गाडी बरोबर प्लॅटफॉर्मच्या मधोमध थांबते.

रूळ आणि खडी

इथून पुढे खरा लेआउट सुरू होतो, आणि इथेच तो खेळण्यासारखा राहायचा की नाही ते ठरतं. माझा एकच नियम आहे, प्रत्येक डागाला विचारायचं की बाबा तू आलास कुठून. पाण्याने आलास, लोखंडाने आलास, तेलाने, धुराने का माणसाने? उत्तर आलं नाही तर तो डाग रंगवायचाच नाही.

रुळाची कडा चकचकीत चांदीसारखी राहिली तर कितीही झाडं लावा, उपयोग नाही. खऱ्या रुळाचा फक्त माथा चमकतो कारण चाक तिथेच घासतं, बाजू गंजलेली असते. गंज म्हणून लोक नारिंगी फासतात, तसं नसतं, बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) चिमूटभर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), थोडा ग्रे, म्हणजे जुन्या तव्याच्या पाठीचा रंग. लहान ब्रशने बाजू रंगवा आणि ओलं असतानाच बोटाला फडकं गुंडाळून माथा पुसून घ्या. सांध्याच्या हलणाऱ्या पात्याला आणि जिथे ते रुळाला टेकतं तिथे रंग लावू नका, करंट तिथून जातो. स्लीपर काँक्रीटचे, तर फिकट राखाडी, पण सगळे एकसारखे नकोत, दर चार-पाचात एकाला पाण्यात विरघळवलेला तपकिरी हात.

खडी विकत मिळते पण महाग, आणि मला ती नेहमी फार गोरी वाटते. आपली खडी काळ्या पाषाणाची. खऱ्या खडीचा मोठ्यातला मोठा दगड ६५ मिमी, म्हणजे एचओत पाऊण मिमी. बांधकामाच्या ढिगातून वाटीभर क्रश सँड आणा, धुवा, उन्हात वाळवा, आधी चहाच्या गाळणीतून आणि मग त्याहून बारीक जाळीतून चाळा, मधला जो भाग उरतो तो आपला. आणि आता जे सांगतोय ते कृपा करून करा, त्या खडीवरून कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. बेसॉल्टमध्ये चुंबकाला चिकटणारे काळे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. माझ्या पहिल्या इंजिनाचा घरघर आवाज मी महिनाभर "डिझेलसारखा येतोय" म्हणून कौतुकाने ऐकत होतो.

चमच्याने खडी टाका, मऊ ब्रशने स्लीपरच्या मध्ये ढकला, स्लीपरचा वरचा भाग मोकळा दिसला पाहिजे. मग फवाऱ्याने पाणी, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, नाहीतर फेविकॉल खडीत शिरत नाही, गोळ्या होऊन वर बसतो. खडी पूर्ण भिजली की एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, ड्रॉपरने थेंब थेंब. सांध्यापाशी थेंब नाही, तिथे आधी पात्यांना तेलाचा हात द्या आणि खडी अगदी कमी घाला. रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी स्टेशनात जिथे इंजिन थांबतं तिथे रुळांच्या मध्ये काळ्या-तपकिरी रंगाचा वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ हात, तेल गळून गळून तिथे काळं झालेलं असतं. डबे थांबतात तिथे रुळांच्या मधली खडी पिवळट तपकिरी, २००४ म्हणजे बायो-टॉयलेटच्या आधीचा काळ, जास्त बोलत नाही.

जांभा

कोकण रेल्वे म्हणजे जांभ्यातलं कटिंग. हे मला एका अपघाताने जमलं. फ्रीजच्या पॅकिंगचा थर्माकोल रचून, फेविकॉलने चिकटवून, चाकूने उतार कापून डोंगर केला होता आणि कंटाळा आला म्हणून सरळ स्प्रे पेंट मारला. स्प्रेमधल्या द्रावणाने थर्माकोल खाल्ला, सगळीकडे खड्डे पडले. मी डोक्याला हात लावून बसलो, आई मागून आली आणि म्हणाली, अरे हा तर अगदी आपल्या घरामागचा चिरा दिसतोय. आता मी मुद्दाम करतो, पण लांबून, हलका फवारा, गच्चीत आणि तोंडाला मास्क लावून, कारण तो धूर चांगला नाही. जिथे खड्डे नको असतील तिथे आधी फेविकॉलचा थर. नंतर सगळ्यावर फेविकॉल आणि पुट्टीचा पातळ हात म्हणजे कवच कडक होतं.

रंग उलट क्रमाने: आधी सगळ्यात गडद, चॉकलेटी-काळा, खड्ड्यात शिरेल एवढा पातळ. वाळला की बर्न्ट सिएना स्पंजने टिपायचा. मग जवळजवळ कोरडा ब्रश, त्यावर पिवळट नारिंगी, नुसता कडांवरून फिरवायचा. ताजा कापलेला जांभा पिवळट लाल, जुना काळपट, त्यामुळे वरून पाणी जिथून उतरत असेल तिथे काळ्या-हिरव्या ओघळी आणि कटिंगच्या पायथ्याशी ओलसर शेवाळी हिरवा. गावाला जाणार असाल तर मूठभर लाल माती आणा, तव्यावर भाजून चाळा, तिच्यासारखा रंग कुठल्याच बाटलीत मिळत नाही.

गवतासाठी स्टॅटिक ग्रास (विजेच्या भाराने उभे राहणारे तंतू) मिळतं, पण काथ्याचे तंतू बारीक कापून, हिरवट पिवळ्या पाण्यात बुडवून वाळवले तरी छान दिसतात. झाडाची पानं म्हणजे जुना स्पंज मिक्सरमध्ये पाण्याबरोबर फिरवून रंगवलेला चुरा (मिक्सर वेगळा घ्या, घरातली शांतता महत्त्वाची). वापरलेली चहापूड जमिनीला सुंदर दिसते असं सगळे सांगतात, मीही घातली, जुलैत तिला पांढरी बुरशी आली आणि मागोमाग मुंग्या. खाण्याची कुठलीच वस्तू लेआउटवर नको.

स्टेशन ३ मिमी सनबोर्डचं (हलक्या फोमच्या बोर्डाचं). दार २४ मिमी उंच, माणूस १९ मिमी, ही दोन मापं लक्षात ठेवली की बाकी सगळं प्रमाणात येतं. पिवळी पाटी, काळी अक्षरं, प्रिंट काढून चिकटवा. भिंत पांढरीशुभ्र ठेवू नका. कौलांच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे जमिनीपासून दोन-तीन फूट, म्हणजे मॉडेलवर एक सेंमी, लाल मातीचे शिंतोडे, टूथब्रशने उडवायचे. खिडकीच्या सज्जाखाली काळे ओघळ. माणसांचे तयार पुतळे कोट-हॅटवाले येतात, टिश्यू पेपरची पट्टी पातळ फेविकॉलमध्ये बुडवून नेसवली की हॅटवाल्या बाईची मावशी होते.

गाडी मळवणं

आता ज्याला सगळे घाबरतात ते. महागड्या इंजिनावर हात चालत नाही, साहजिक आहे, म्हणून सगळ्यात स्वस्त वाघीण घ्या, ती बिघडली तरी पुढच्या वाघिणीची तालीम झाली. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, बोटांचं तेल गेलं पाहिजे. चाकं काढून ठेवा. चाकाचा जो भाग रुळावर चालतो तिथे रंग कधीच नाही. मग मॅट व्हार्निशचा एक हात, चकाकी मारायला आणि पुढचा रंग धरायला. हे कोरड्या दिवशी करा, भर पावसाळ्यात स्प्रे व्हार्निश मारलं की पांढरट धुकं धरतं.

त्या वाघिणीचे दोन-तीन खरे फोटो समोर ठेवा. खालून सुरू करा. ब्रेक लागताना लोखंड घासतं, ती तपकिरी भुकटी बोगीवर (चाकांच्या चौकटीवर) आणि डब्याच्या खालच्या भागावर बसते, तर बर्न्ट अंबर आणि ग्रे एकत्र करून पातळ हात, खाली दाट आणि वर जाताना विरत जाणारा. मग ओघळ. ऑइल पेंटचा टाचणीएवढा ठिपका कडेला ठेवा, पाच मिनिटं थांबा, टर्पेंटाइनमध्ये बुडवून टिपून घेतलेल्या चपट्या ब्रशने खाली ओढा. फक्त खाली. पाणी आडवं वाहत नाही, तरी पहिल्या वाघिणीवर सगळ्यांचा हात तिरका जातो. जास्त झालं तर टर्पेंटाइनने पुसा, खालचा ॲक्रेलिक आणि व्हार्निश नीट वाळलेलं असेल तर त्याला काही होत नाही, ऑइल पेंट घ्यायचं कारणच हे.

गंज कुठे? जिथे रंग उडतो तिथे. बॉक्सएनच्या दाराच्या कडा, तळ, आतली बाजू जिथे कोळसा ओतला आणि उपसला जातो. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडा, गडद तपकिरीत बुडवून कागदावर बहुतेक रंग काढून टाका, मग कडेवर टिपा, त्यातल्या एखाद-दुसऱ्या ठिपक्याच्या मधोमध किंचित नारिंगी. आतून काळा-राखाडी आणि कोळसा म्हणून खराच लोणारी कोळसा कुटून.

शेवटी धूळ. तपकिरी, राखाडी, काळा असे सॉफ्ट पेस्टल पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा, मऊ ब्रशने लावा. कोकणातल्या वाघिणीच्या खालच्या कडेला थोडी ती गावची लाल माती पण. यावर व्हार्निश मारलं की निम्मी भुकटी गायब झाल्यासारखी दिसते, त्यामुळे जरा जास्तच लावा. आणि शुद्ध काळा रंग बाटलीतच राहू दे, या स्केलमध्ये तो भोकासारखा दिसतो, काजळीसुद्धा गडद राखाडीच.

इंजिनाला धूर निघतो तिथून मागे छतावर काजळी, डिझेल टाकीच्या तोंडाखाली एक चकाकणारा ओघळ (इथे मात्र ग्लॉस), दांडे हाताने घासून उजळलेले. निळ्या आयसीएफ डब्याला खिडकीच्या गजांखाली गंजाच्या बारीक रेषा, पायऱ्यांवर मातीचे पाय. आणि हो, खिडकीखालची पानाची पिचकारी. लालभडक नको, वाळलेला विटकरी, बारीक ठिपके मागच्या दिशेने पसरलेले, कारण थुंकताना गाडी पळत होती. एका डब्याला दोन पुरेत, मी उत्साहात सात काढल्या आणि बायकोने तो डबा हातात घ्यायला नकार दिला.

सगळं झालं की रुळाचे माथे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. कोविडपासून उरलेलं सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा थर बसतो आणि इंजिन धक्के खातं. गाडी चालवून झाली की जुनी साडी टाका वर. घरातली धूळ फुकटचं वेदरिंग, म्हणजे मळवणं, म्हणून ठेवावीशी वाटते, पण ती १:८७ नसते, कापसाच्या बोंडाएवढी दिसते, आणि आमच्याकडे तर बोगद्यात पालही राहते, संध्याकाळची दिवा पॅसेंजर सोडायच्या आधी मी टॉर्च मारून बघतो.